चकाचक काकांची काच

पडदा वर जातो आणि समोर एक खोली दिसते. खिडकी नाही. दिवे मुद्दाम मंद केलेले, मॉनिटरवरचं करडं चित्र नीट दिसावं म्हणून. मधोमध एक उंच खाट. तिच्यावर डाव्या कुशीवर झोपवलेली तेवीस वर्षांची मुलगी, दातांमध्ये प्लास्टिकची कडी, औषधाने गाढ झोपी गेलेली. उशाशी दुर्बीणवाले डॉक्टर, पायाशी सिस्टर. कोपऱ्यातल्या मायक्रोस्कोपपाशी तपासणीच्या डॉक्टरीणबाई. आणि उजव्या विंगेत, स्टीलच्या ट्रॉलीपाशी, हिरवा झगा घालून उभा असलेला एक बुटका, टक्कल पडलेला माणूस. त्याच्यावर झोत नाही. कधीच नव्हता. तो माझा धाकटा भाऊ.

आमच्या घरातले सगळे झोत मीच खाल्ले. पस्तीस वर्षं मी रंगमंचावर राण्या झाले, सवती झाले, शेवटी शेवटी म्हाताऱ्या झाले, आणि हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिला. आता माझे गुडघे गेले आणि मी त्याच्याच घरात येऊन राहिले आहे. म्हणून म्हटलं, या खेपेला त्याची गोष्ट सांगावी. ती सांगताना मला मान खाली घालावी लागणार आहे. तेही ठीकच आहे.

आधी त्याचं काम सांगते. दुर्बीणवाले डॉक्टर तोंडातून नळी पोटात उतरवतात आणि जठराच्या भिंतीतून एक केसासारखी सुई पलीकडच्या स्वादुपिंडात घालतात. तिथल्या गाठीतून जे ओढलं जातं ते असतं थेंबभर. तो थेंब माझ्या भावाच्या हातात येतो. काचेच्या पट्टीवर घ्यायचा, वर दुसरी काच टेकवायची आणि एका ओढीत पसरायचा. दाबलं तर पेशी चिरडतात, रेंगाळलं तर सुकतात. मग तीन बरण्यांत बुडवून रंगवायचं आणि बाईंच्या हातात द्यायचं. बाई तिथल्या तिथे मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात, पुरे की अजून एकदा सुई. नाटकात प्रॉम्प्टर असतो ना, तसं समजा. तो दिसत नाही, पण त्याने माती खाल्ली की वरच्या राजाची फजिती.

माझ्या भावाचा हात मात्र असा की बघत राहावं. त्याच्या काचेवरचा थर सायीसारखा एकसारखा. कुठे गुठळी नाही, डाग नाही, बोटाचा ठसा नाही. सगळा विभाग त्याला चकाचक काका म्हणायचा. घरीही तीच तऱ्हा. चष्मा दर दहा मिनिटांनी पुसणार, टेबल पुसणार, चहाचा कप ठेवायच्या आधी बशी पुसणार. माझी भावजय म्हणायची, "वन्सं, सांभाळून हं. तुमचा भाऊ एक दिवस मलाही पुसून टाकील." हा हसायचा आणि तिच्याच पदराला चष्मा पुसायचा.

तीस वर्षं त्याने मानेच्या, काखेच्या, गळ्याच्या गाठी पसरल्या. तिथे जाड काही आलं तर ते बहुधा गोठलेलं रक्तच असे. ते गॉजच्या तुकड्याने टिपून टाकायचं, की काच नितळ. ही त्याची स्वतःची पद्धत, आणि तिचा त्याला कोण अभिमान! मग दोन वर्षांपूर्वी ती स्वादुपिंडाची दुर्बीण आली, आणि तिच्याबरोबर या नव्या बाई. बाई त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं, "काका, इथे जाड दिसेल ते सगळं फॉर्मालिनच्या बाटलीत. काहीही फेकायचं नाही. त्याची मेणात वडी करून बारीक काप काढता येतात, खास रंग चढवता येतात. कधी कधी खरं उत्तर त्या जाड तुकड्यातच असतं."

भाऊ ऐकायचा. पण घरी येऊन कुरकुरायचा, "बाटलीत टाकून ठेवायचं म्हणजे खरकटी भांडी तशीच ठेवल्यासारखं वाटतं गं ताई."

आता परत त्या खोलीत या.

त्या दिवशी दुर्बीणवाल्या डॉक्टरांनी दोन पाहुणे आणले होते, दुसऱ्या कुठल्याशा इस्पितळातले बडे डॉक्टर. सुई बाहेर आली, थेंब काचेवर पडला आणि डॉक्टर म्हणाले, "आता मजा बघा. आमच्या काकांचा हात."

दोन्ही पाहुणे ट्रॉलीकडे वळले. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा झोत विंगेवर आला. मला माहीत आहे त्या वेळी अंगात काय संचारतं ते. भावाने काच उचलली. थेंबात तीन कण होते, तिळाएवढे, लालसर. बाटली डाव्या हाताला उघडी होती. ते कण सुईच्या टोकाने उचलून बाटलीत टाकायला काही क्षण गेले असते, काच ओबडधोबड दिसली असती. हात सवयीने गॉजकडे गेला. एक, दोन, तीन, टिपले. मग एक लांब, सरळ ओढ.

"वा!" एक पाहुणे म्हणाले.

बाईंनी कोपऱ्यातल्या मायक्रोस्कोपखाली काच बघितली. "पेशी भरपूर आहेत. पुरे."

सुई एकदाच घातली गेली. गॉज कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत गेला. भाऊ त्या दिवशी घरी आला तो शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी त्याला बोलावलं. त्या एकट्याच मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या होत्या.

"काका, या बघा. पेशी आहेत, पण सगळ्या सुट्या सुट्या. भाजीबाजार उठल्यावर माणसं पांगतात तशा. कुठल्या घराण्यातल्या आहेत तेच कळत नाही. एक वाईट जात असू शकते. दुसरी मधली जात असू शकते. आणि या वयाच्या मुलींमध्ये एक फार दुर्मीळ गाठ असते. ती काढून टाकली की बहुतेक वेळा मुलगी बरी होते. ती असेल तर झाडाच्या डहाळ्या दिसतात. मधे बारीकशी रक्तवाहिनी आणि तिला पानांसारख्या चिकटलेल्या पेशी. मी या काचांवर सकाळपासून ती डहाळी शोधतेय."

भाऊ चष्मा पुसायला लागला.

"बाटलीतही काही नाही. नुसतं पाणी. रंग चढवू कशावर?" बाईंनी मान वर केली. "जाड काही आलंच नव्हतं का, काका?"

त्यांच्या टेबलावर एक पत्र पडलं होतं. पुढच्या शनिवारी आजूबाजूच्या इस्पितळांतून चाळीस तंत्रज्ञ येणार होते, माझ्या भावाचा हात बघायला. त्याचं नाव त्यात मोठ्या अक्षरांत होतं, पुढे 'श्री.' लावून.

"नाही, बाई," तो म्हणाला.

"मग दुसऱ्यांदा सुई घालावी लागेल. शंभरात एखाद्याचं स्वादुपिंड सुजतं त्याने. पण इलाज नाही."

त्याच संध्याकाळी जेवताना त्याने मला विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "ताई, स्टेजवर एखादा चुकला, आणि प्रेक्षकांना कळलंच नाही, तर काय करायचं?"

आणि मी, पस्तीस वर्षांचा तोरा मिरवत, हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "काही करायचं नाही. ज्याची चूक कळली नाही तो चुकलाच नाही! चेहरा सरळ ठेवायचा आणि पुढचं वाक्य घ्यायचं."

तो मान हलवून जेवायला लागला. मला वाटलं, नाटकाच्या गप्पा चालल्या आहेत. तिकडे एक मुलगी दुसऱ्या सुईसाठी उपाशी राहणार होती आणि मी इकडे अभिनयाचे धडे देत होते. आज ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

मुलगी पोहायला शिकवायची. लहान लहान पोरांना पाण्याची भीती घालवायला शिकवायची. पोटात दुखतं म्हणून आली आणि फोटोत गाठ दिसली. तिचे वडील शिंपी. दुसऱ्या सुईच्या सकाळी ते कॉरिडॉरच्या बाकावर बसले होते, मांडीवर मुलीच्या चपला घेऊन. भाऊ तिथून जात होता. झग्यावरून ओळखून त्यांनी त्याला थांबवलं.

"आमच्याही धंद्यात सुईच असते हो," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न करत होते. "पण आमच्याकडे एकाच जागी दुसरा टाका पडला की गिऱ्हाईक विचारतं, पहिला कुणी चुकवला म्हणून."

 भाऊ घाईत असल्यासारखा पुढे निघून गेला. आत जाऊन त्याने हात धुतले, आणि मग, म्हणाला, परत धुतले.

त्या दिवशी पाहुणे नव्हते. थेंब आला. त्यात पुन्हा तसेच कण. त्याने एकेक कण सुईच्या टोकाने उचलला आणि बाटलीत सोडला. दोन कण काचेवरच राहू दिले. काच अशी दिसत होती की पहिल्या वर्षाच्या मुलाने केली असती तर हाच त्याला ओरडला असता. गाठी गाठी, उंचवटे, कडेला ओघळ. बरण्यांत बुडवून त्याने ती बाईंना दिली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. एवढं होऊनही त्याला लाज वाटली ती त्या काचेची. हे त्यानेच मला सांगितलं. "बघ ताई, मी कसा माणूस आहे," म्हणाला.

बाई मायक्रोस्कोपवर वाकल्या. मग जवळजवळ ओरडल्याच, "काका, डहाळ्या! अहो, डहाळ्या आहेत! या, बघा!"

त्याने बघितलं. जांभळ्या रंगाची नाजूक फांदी, तिच्यावर दाटीवाटीने पेशी. पुढे चार दिवसांनी बाटलीतल्या कापांवर खास रंगही हवे तसेच चढले. तीच दुर्मीळ गाठ. पण बाईंची खात्री त्याच सकाळी झाली होती. त्यांनी स्वतः बाहेर जाऊन शिंप्याला सांगितलं की वाईट जात नाही, काढून टाकता येईल.

शिंपी रडले. रडत रडत आत आले आणि त्यांनी माझ्या भावाचे दोन्ही हात धरले. "बाई सांगत होत्या, काच तुम्ही केलीत. देव तुमचे हात असेच ठेवो."

असे हात धरले गेले की माणसाने काय करावं? भावाने ते तसेच धरू दिले.

दुपार कलायच्या आत मुलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. शंभरातली एक ती निघाली. स्वादुपिंड सुजलं. नाकात नळी, हातात सलाइन, पाण्याचा घोट बंद. ऑपरेशन लांबलं.

त्या दिवसापासून भाऊ जेवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी भावजय माझ्या खोलीत आली आणि दार लोटून हळूच म्हणाली, "वन्सं, काहीतरी झालंय. यांनी कालपासून चष्मा पुसलेला नाही."

मी त्याच्यासमोर जाऊन बसले. चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या होत्या आणि तो त्यातूनच माझ्याकडे बघत होता. मग त्याने सगळं सांगितलं. गॉज, तीन कण, पाहुणे, बाईंचा प्रश्न आणि त्याचं "नाही, बाई". शेवटी म्हणाला, "तू म्हणालीस ना, पुढचं वाक्य घ्यायचं. मला पुढचं वाक्यच सापडत नाहीये."

मी काय बोलणार? इतकी नाटकं केली, तोंडपाठ पल्लेदार भाषणं, आणि सख्ख्या भावाला द्यायला एक ओळ नाही. भावजयच म्हणाली, "मग शनिवारी त्या चाळीस जणांपुढे काय तोंडाने उभे राहणार?"

"शनिवारच्या आधी सांगतो," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो बाईंपुढे उभा राहिला. बसा म्हणाल्या तरी बसला नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पेन बंद केलं, उघडलं, परत बंद केलं.

"मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"हो, बाई."

"तुमच्या शब्दावर मी दुसरी सुई लिहून दिली."

"हो."

"त्या दिवशी 'पुरे' मीही म्हणाले होते. घाई माझीही झाली. पण ती चूक, काका. तुमचं ते खोटं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याला तो चढायला हवा होता. "मी विचारलं तेव्हा बादली तळघरातच होती. त्या दुपारी तुम्ही बोलला असतात तर मी स्वतः हातमोजे घालून ती उपसली असती. तुकडे सापडले असते की नाही, देव जाणे. पण मी बघितलं तरी असतं."

हे त्याला सुचलंच नव्हतं. बादली. ती दोन दिवस तळघरात असते हे तीस वर्षं त्याला माहीत होतं.

"मला हे लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना सांगावं लागेल. आणि त्या मुलीला सांगावं लागेल. तिला कोण सांगणार?"

"मी."

वॉर्ड चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण हा जिन्याने गेला, तेवढीच चार मिनिटं जास्त मिळावीत म्हणून. मुलगी उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. शिंपी तिच्या पायांवर चादर सारखी करत होते. याला बघताच ते उठले, स्टूल पुढे सरकवलं.

याने उभ्यानेच सांगितलं. फिरवून नाही, सजवून नाही.

 मुलीने विचारलं, "कशासाठी पुसलंत?"

"पाहुणे बघत होते."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

 शिंप्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊ म्हणतो. त्यांनी फक्त आपले दोन्ही तळहात वर करून बघितले, ज्या हातांनी त्यांनी याचे हात धरले होते, आणि ते पँटला पुसले. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. मग म्हणाले, "जा आता."

शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला नाही. दुर्बीणवाल्या डॉक्टरांना तो रद्द करायचा होता. बाई म्हणाल्या, होऊ दे. चाळीस जण खुर्च्यांवर दाटीने बसले. भावाने काच उचलली, आणि हात दाखवायच्या ऐवजी सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला दोघेतिघे हसले, त्यांना वाटलं काका गंमत करताहेत. मग खोकल्याचाही आवाज येईना. भाषण संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते योग्यच होतं. त्याच्या हातची काच मागून बघायला कुणी पुढे आलं नाही. एका मुलीने तेवढं विचारलं, "गॉज ट्रॉलीवर ठेवायचाच नाही का मग?" तो म्हणाला, "ठेवा. पण उजव्या हाताला नको."

त्याला ताकीद मिळाली. सहा महिने ट्रॉलीपासून दूर, बरण्या धुण्याच्या कामावर. बरण्या त्याने कशा धुतल्या असतील ते सांगायला नकोच. तो बरणीला साबण लावत असताना पोरंटोरं मुद्दाम म्हणायची, "काय चकाचक काका!" तो म्हणायचा, "ते नाव नको रे." कुणी ऐकलं नाही. नावं अशी सुटत नाहीत.

मुलगी पंधरा दिवसांनी घरी गेली आणि दोन महिन्यांनी तिचं ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली. हे त्याला बाईंनी जिन्यात सांगितलं, त्याच्याकडे न बघता. तो परत ट्रॉलीवर गेला तेव्हा त्याच्या काचा ओबडधोबड असायच्या आणि बाटल्या भरलेल्या. बाई त्याच्याशी कामापुरतं बोलायच्या. पुढे कधीतरी "चहा घेतलात का, काका?" इतपत गाडी आली.

शेवटचा प्रवेश मी स्वतः बघितला आहे. त्याच्या निवृत्तीला तीन दिवस राहिले होते. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून मी विभागात जाऊन बसले होते, काठी मांडीवर आडवी ठेवून. दार उघडलं आणि एक सावळी, रुंद खांद्यांची मुलगी आत आली. केस ओले. हातात तपासणीची फाइल. मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण भाऊ उभा राहिला त्यावरून मी ओळखलं.

"सगळं ठीक आलंय," ती बाईंना म्हणाली. "वर्षभराने परत यायला सांगितलंय." मग थोडी घुटमळली. "मला ते बघता येईल का? डहाळ्या म्हणालात ना तुम्ही, त्या?"

बाईंनी माझ्या भावाकडे बघितलं. तो कपाटाशी गेला, खण ओढला, पुठ्ठ्याच्या ट्रेमधून एक काच काढली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. नंबर वाचायलाही थांबला नाही. वर्षभर तो खण त्याने किती वेळा उघडला असेल, कोण जाणे.

मुलगी वाकून बघत राहिली. "हे माझ्या पोटातलं?" म्हणाली. "समुद्राखालच्या झाडासारखं दिसतंय." मग सरळ झाली आणि पहिल्यांदाच भावाकडे बघून म्हणाली, "पहिल्या वेळची दाखवा."

 त्याने दुसरी काच काढली आणि तिच्या हातात दिली. ती तिने मायक्रोस्कोपखाली ठेवलीच नाही. खिडकीकडे जाऊन उजेडात धरली. फिकट जांभळा थर, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा. तशी काच मी जन्मात बघितली नव्हती. माझं कौतुक ओठापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं.

"ही तर किती स्वच्छ आहे, काका," ती म्हणाली.

भावाने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"हो. मीच पुसली होती ती."